जॉब गार होऊ दे

एप्रिलात सगळं बेळगाव सावली शोधत असतं, तेव्हा माझ्या पिशवीत डब्याशेजारी स्वेटर असतो. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये दुपारी पत्र्याखाली अंगाची लाही होते. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात, काचेच्या दाराआड, दहा बाय बाराची खोली आहे आणि तिथं बारा महिने २० अंश. ती माझी खोली, स्टँडर्ड रूम. पंधरा वर्षं मी तिथं मापं घेते आहे. येळ्ळूरहून पहिल्यांदा कामाला जायला लागले तेव्हा आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "एसीत बसून काम आहे पोरीला." तो एसी लोखंडासाठी आहे, हे मी तिला पुष्कळदा समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायची.

लोखंडाला एसी कशाला, हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारला गेलाय. त्याचं उत्तर असं. एक मीटर लांबीचा पोलादी रॉड एका अंशानं तापला की साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे एक अंशाला केसाचा सहावा हिस्सा. घरबांधणीला, खिडकीच्या गजाला यानं काही बिघडत नाही. पण आम्ही हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालच्या तेलावर चालणाऱ्या, व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो. त्यात बिडाच्या बॉडीत एक भोक, आणि त्या भोकात मागंपुढं सरकणारा पोलादी स्पूल. दोघांमधली फट सहा ते नऊ मायक्रॉन. त्या फटीतून तेल गळता कामा नये आणि स्पूल अडकताही कामा नये. केसाचा सहावा हिस्सा तिथं डोंगराएवढा असतो.

ड्रॉइंगवर २०.००० असं माप छापलेलं असतं. ते किती तापमानाला, हे बहुतेक ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं, कारण ते जगभर ठरून गेलंय: २० अंश सेल्सिअस. हे १९३१ साली ठरलं. त्याआधी मीटरचं माप शून्य अंशाला धरत आणि इंग्रजांचा यार्ड ६२ अंश फॅरनहाइटला. एकाच दांड्याची लांबी कुणाच्या पद्धतीनं मोजली त्यावर बदलायची. पुढं ISO ही जगभरची मानकं ठरवणारी संस्था निघाली, तिचं पहिल्या क्रमांकाचं मानकही याच २० अंशांचं आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. हजारो मानकं निघाली, पण आधी कशावर एकमत करावं लागलं, तर लोखंड किती गार असताना त्याला माप विचारायचं यावर.

नवीन मुलं-मुली ट्रेनिंगला आली की मी त्यांना पहिल्या दिवशी आकडे सांगत नाही. १०० मिलिमीटरची स्लिप गेज, म्हणजे अचूक लांबीचा पोलादी ठोकळा, ग्रॅनाइटच्या प्लेटवर ठेवते, वर कंपॅरेटर, म्हणजे मापातला फरक दाखवणारं काट्याचं यंत्र, लावते आणि काटा शून्यावर आणते. मग एकाला म्हणते, ही उचल, हातमोजा न घालता मुठीत धर आणि वीस आकडे मोज. ती परत काट्याखाली ठेवली की काटा शून्यावर येत नाही, पाच-सहा घरं पुढं जाऊन थांबतो. मुठीच्या उबेनं ती स्लिप चार-पाच अंश तापलेली असते. कुणी काही बोलत नाही. सगळे काट्याकडं बघत राहतात आणि काटा अगदी सावकाश मागं सरकायला लागतो. तासाभरानं जेवायच्या सुट्टीत जाताना बघितलं तर शून्यावर. गेल्या वर्षी खानापूरकडची एक मुलगी होती. ती नंतर कितीतरी दिवस मायक्रोमीटर धरताना बोटं फक्त प्लास्टिकच्या पट्टीवरच ठेवायची. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर ती पट्टी शोभेला बसवलेली नसते, हे तिला पुस्तकाशिवाय कळलं होतं.

हे मी आता अधिकारानं सांगते आहे. पण मला हे कळलं ते १२० बॉड्या परत आल्यावर.

आठ-नऊ वर्षं झाली. हिवाळा होता. महाराष्ट्रातल्या एका गिऱ्हाइकाकडून फोन आला की तुमच्या व्हॉल्व्हचे स्पूल अडकतात. सकाळी मशीन सुरू करताना अडकतात आणि दुपारी आपोआप सुटतात. मालक माझ्याकडं बघत होते, कारण रिपोर्टवर सही माझी होती. मी सगळी मापं पुन्हा काढून बघितली, सगळी बरोबर होती. बॉडीचं भोक होनिंगवर, म्हणजे ते घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनवर, झालं की तिथंच एअर गेज (हवेच्या दाबानं भोक मोजणारं साधन) लावून आकडा घ्यायचा, मार्करनं बॉडीवर लिहायचा आणि तो आकडा बघून ग्राइंडिंगवाला त्या भोकाला जुळता स्पूल काढायचा, अशी पद्धत होती. कागदावर प्रत्येक नगाची फट सात मायक्रॉन. आधी बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कूस, राहिली असेल असं वाटलं, मग घाण, मग तेल, मग गिऱ्हाइकानं बोल्ट जास्त आवळले असतील. तीन दिवस आम्ही असे एकेकावर संशय घेत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी होनिंग मशीनपाशी उभी होते. तिथं काम करणारे अण्णा बैलहोंगलकडचे, घरी कन्नड. आमच्याशी अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड. मी बॉडी उचलायला हात घातला, तसं ते नेहमीसारखं म्हणाले, "बिसि ऐति अक्कार, निल्रि." गरम आहे, थांबा. कामाला लागल्यापासून मी हे वाक्य ऐकत होते. मला वाटायचं, हात भाजेल म्हणून काळजीनं सांगतात. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "अण्णा, कशाला थांबायचं?" ते म्हणाले, "बिसि असताना मोठं दाखवतंय की हो. गार झालं की आवळतंय. मी म्हणालोय की कितींदा."

खरंच म्हणाले होते. आमच्यातल्या कुणी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं.

त्याच बॉडीला थर्मामीटर लावला तर ४२ अंश. भोकाचं माप लिहून ठेवलं आणि ती रात्रभर माझ्या खोलीत ठेवली. सकाळी पुन्हा गेज घातला, तर भोक साडेचार मायक्रॉननं आवळलं होतं. स्पूल कूलंटखाली, म्हणजे गार ठेवणाऱ्या पाण्याच्या धारेखाली, ग्राइंड होतो, त्यामुळं तो मोजताना २६ अंशांच्या आसपास असायचा. तोही गार होऊन थोडा बारीक होतो, पण जेमतेम दीड मायक्रॉन. म्हणजे कागदावर जी फट सात होती, ती खरी चाराच्याही आत होती. आणि सकाळीच का अडकायचा, तेही उलगडलं. मशीन सुरू झालं की टाकीतलं तेल भराभर तापतं. स्पूल बारीक, सगळीकडून तेलात बुडालेला, तो लगेच तापतो आणि फुगतो. बिडाची जाड बॉडी रात्रीची गारठलेली, ती मागं राहते. स्पूल बॉडीपेक्षा पंधरा अंशांनी जास्त तापला की साडेतीन मायक्रॉन जाड होतो. मग फट उरतेच कुठं? दुपारपर्यंत बॉडीही तापते, भोकही वाढतं आणि स्पूल सुटतो. गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलेल्या त्या दोन वाक्यांत सगळं उत्तर होतं.

गरम-गार यापेक्षा दोघांत फरक किती, हे जास्त महत्त्वाचं असतं, हे मी तेव्हा शिकले. बीड आणि पोलाद यांची वाढ जवळजवळ सारखी. दोघंही ३५ अंशांवर असतील तर दोघंही सारखीच फुगतात आणि फट जागच्या जागी राहते. एक ४२ आणि दुसरा २६ असला की कागद खोटा पडतो. अॅल्युमिनियमचं गणित मात्र निराळं. हत्तरगीला विमानांच्या भागांचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) झाल्यापासून आमच्या भागात अॅल्युमिनियमच्या कामाची ओळख वाढली. अॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट वाढतं, मीटरला एका अंशाला २३ मायक्रॉन. ६०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ३० अंशांवर असताना त्याच तापमानाच्या पोलादी मापानं मोजला, तर दोघं एकाच तापमानाला असूनही जवळजवळ ७० मायक्रॉनची चूक होते. तिथं २० अंशांची खोली तरी लागते, नाहीतर गणित करून वजावट तरी करावी लागते.

तापल्यावर लोखंड वाढतं, ही गोष्ट मी खरं तर लहानपणी डोळ्यांनी बघितली होती. आमच्या घरी बैलगाडी होती. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळायचं, आरे खिळखिळे व्हायचे, धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल पडायची. मग मृगाच्या आधी चाकं लोहारमामांकडं जायची. ते सुतळीनं चाकाचा घेर मोजायचे, धाव त्याहून थोडी आखूड करून जोडायचे आणि शेणी रचून त्यात ती तापवायचे. लालसर झाली की तिघं-चौघं सांडशीनं उचलून चाकावर ठेवायचे, घणाचे ठोके, धुराचा लोट, लाकडाचा करपलेला वास. आणि लगेच घागरीनं पाणी. चर्र आवाज व्हायचा आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज असायचा, तो मला अजून आठवतो. आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ओंडक्यात, घट्ट बसतानाचे कटकट आवाज. आजोबा चाकावर बोटानं टिचकी मारून बघायचे.

आता मी त्याचा हिशेब करू शकते. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटर. ४०० अंश तापवलं तर घेर १८ मिलिमीटर वाढतो. ती १८ मिलिमीटरची मेहेरबानी घेऊन धाव चाकावर चढते आणि गार होताना अख्खं चाक कवेत घेते. आमच्या असेंब्लीत बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवतात, तेव्हा हेच होतं. हातोडा लावावा लागत नाही, बेअरिंग आपसूक आत जातं. अर्ध्या मिनिटात असं धरतं की पुलर लावल्याशिवाय निघत नाही. लोहारमामांना उष्णता कधी द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे ठाऊक होतं. आम्ही शेडमध्ये तिला नकळत येऊ देतो, म्हणून ती चूक होऊन बसते.

आणि ती येते कुठून कुठून! धातू कापणं हेच मुळी उष्णता तयार करणं आहे. १७९८ साली रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं म्युनिकमधल्या तोफांच्या कारखान्यातला प्रयोग मांडला. बोथट हत्यारानं तोफेचं पितळ घासायचं आणि भोवती पाण्याची पेटी. अडीच तासांत पाणी उकळलं आणि बघणारे चकित झाले, कारण जाळ कुठंच नव्हता. आमच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, रोज तेच चाललेलं असतं. वेग नीट असेल तर बहुतेक उष्णता चिपबरोबर, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या किसाबरोबर, निघून जाते. पोलादाची चिप निळी पडून उडते, म्हणजे ती ३०० अंशांच्या घरात पोचलेली असते, आणि जॉबला हात लावला तर कोमट. धार बोथट झाली की मात्र हिशेब उलटतो. चिप जी उष्णता न्यायची ती जॉबमध्ये शिरते.

त्यावर उपाय म्हणून कूलंट. टेलर नावाच्या अमेरिकी इंजिनिअरनं १८८०च्या दशकात कापणाऱ्या धारेवर पाण्याची जाड धार सोडून बघितली, तर कापायचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता आला. आज पाण्यात तेल मिसळून तेच करतो. (तेल पाण्यात घालायचं, पाणी तेलात नाही. उलटं केलं की दही फाटल्यासारखं होतं.) पण कूलंटलाही स्वतःचं तापमान असतं, हे कुणी लक्षात घेत नाही. सकाळी टाकीत २३ अंश असतं, दिवसभर जॉबवरून फिरून चार वाजेपर्यंत ३४. तेवढ्यात कुणीतरी पातळी कमी झाली म्हणून नळाचं गार पाणी ओततो आणि पुढच्या दहा नगांची साइझ हलते. ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलतो, टाकी पुन्हा तापते, तो पुन्हा बदलतो. चूक त्याची नसते. म्हणून आमच्याकडं आता कूलंट सकाळी कामाआधीच भरतात.

मशीनही तापतं. मशीनचं टेबल सरकवणारा एक मीटरचा बॉलस्क्रू तीन अंश तापला की पस्तीसेक मायक्रॉन लांब होतो आणि स्क्रीनवरचा आकडा तसाच राहतो. म्हणून सकाळी स्पिंडल वीस मिनिटं नुसतं फिरवायचं, आधी सावकाश, मग वेगानं. पहाटे खेळाडू अंग सैल करतो तसं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला जॉब मी नेहमी वेगळा ठेवायला लावते. करंट जाऊन आला तर त्यानंतरचाही. पश्चिमेकडच्या शटरपाशी एक मशीन होतं, चारनंतर त्याच्या एका बाजूवर ऊन यायचं. चार ते सहामध्ये त्यावर झालेल्या भोकांच्या अंतरात फरक यायचा. मशीनवाल्यांना बोलावलं, लेझर लावला, प्रोग्रॅम तपासला. शेवटी शटरला ताडपत्री बांधली आणि फरक गेला.

आमच्याकडं वडगावचे एक टर्नर मामा होते, आता निवृत्त झाले. लेथवर दोन सेंटरमध्ये लांब शाफ्ट धरून ते काम करायचे. दर थोड्या वेळानं त्यांचा डावा हात आपोआप टेलस्टॉकच्या, म्हणजे शाफ्टचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाच्या, चाकाकडं जायचा, ते किंचित ढिलं करायचे, पुन्हा हलकेच टेकवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तापून लांब होतंय पोरी. दोन्हीकडनं दाबून धरलंस तर बिचारं जाईल कुठं? वाकंल." ३०० मिलिमीटरचा शाफ्ट ४० अंश तापला तर जवळजवळ १४० मायक्रॉन लांबतो. दोन्ही टोकं घट्ट असतील तर तो मधून कमानीसारखा होतो, कापताना सरळ दिसतो आणि काढल्यावर वाकडा निघतो. मामांनी हा आकडा कधी काढला नव्हता. चाकाच्या दाबावरून तळहाताला कळायचं.

बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. हवा खरंच चांगली आहे. पण मापाच्या कामाला चांगल्या हवेपेक्षा एकसारखी हवा लागते आणि ती आमच्याकडं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंगावर पांघरूण लागतं आणि दुपारी पारा छत्तिशीला टेकतो. एकाच दिवसात पंधरा अंशांचा फरक. सगळ्या शेडला एसी लावणं उद्यमबागेतल्या लहान कारखानदाराला झेपणारं नाही. सात-आठ मशीनं, पत्र्याचं छप्पर, बँकेचा हप्ता. त्याला हे तापमानाचं गणित एखाद्या मोठ्या कारखान्यासारखं पैसे टाकून सोडवता येत नाही. त्याच्याकडं एकच गोष्ट आहे, वेळ. आणि तीच द्यायला सगळे कचरतात. बॉडी होनिंगवरून उतरली की दोन तास प्लेटवर ठेवायची, हा नियम मी त्या १२० नगांनंतर मागितला. मालक म्हणाले, "दोन तास नुसतं ठेवायचं? त्याचे पैसे कोण देणार?" त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही, हिशेब त्यांना ठेवायचा असतो. पण परत आलेल्या बॉड्यांचं भाडं, नवे स्पूल, गेलेले दिवस, हे सगळं मी एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बिडाच्या दोन जाड प्लेट माझ्या खोलीत आणून ठेवल्या, कारण बॉडी लाकडावर ठेवली तर लवकर गार होत नाही, लोखंडावर ठेवली तर होते.

रूट कार्डवर, म्हणजे कामाचे टप्पे लिहिलेल्या कागदावर, आता होनिंग आणि ग्राइंडिंगच्या मध्ये एक ओळ आहे. टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग यांच्यासारखाच तिला ऑपरेशन नंबर आहे आणि समोर लिहिलंय: गार करणे, दोन तास. तिथं सहीची जागाही आहे. ती सही मी करत नाही, अण्णा करतात, कन्नडमध्ये.

परवा शनिवारी साडेचारला लॉरी दारात येऊन उभी होती. तीस बॉड्या प्लेटवर मांडलेल्या. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला, ऑफिसमधून फोन आला, मालकही येऊन काचेपलीकडं उभे राहिले. मी स्वेटरच्या बाह्या वर करून गेज पुसत होते. अण्णा आत आले, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात त्यांनी कडेच्या एका बॉडीला लावला, मग मधल्या एकीला. मी बघत होते, काचेपलीकडून मालकही बघत होते.

"इन्नू बिसि ऐति री," अण्णा म्हणाले.

मालकांनी मान हलवली आणि ड्रायव्हरला चहा सांगायला गेले.